सव्वादोनचा पट्टा

अम्मी बायकांना नावाने कमी आणि मापाने जास्त ओळखायची. "ती अडीचवाली येऊन गेली का गं?" किंवा "पलीकडच्या गल्लीतल्या सव्वादोनवालीच्या पोरीचं जमलं म्हणे." आकुर्डीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातली पुढची खोली बांगड्यांची. भिंतीला लाकडी दांड्या, दांड्यांवर काचेच्या बांगड्यांच्या माळा, खाली विटलेली सतरंजी आणि तिच्यावर मांडी घालून बसलेली अम्मी. मागच्या रस्त्याने कंटेनर गेला की सगळ्या दांड्या एकदम किणकिणायच्या. पाहुण्यांना त्या आवाजाने दचकायला व्हायचं, आम्हाला मात्र तो बंद पडला तरच जाग यायची. समोर बाई येऊन बसली की अम्मी आधी तिचा हात हातात घ्यायची, उलटा-सुलटा करायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायची आणि मग दांडीकडे न बघताच नेमकी तिच्या मापाची माळ ओढायची. आम्ही मन्यार, बांगड्या भरणारे. अब्बा वर्षातले आठ महिने पेटी घेऊन जत्रांमागे फिरायचे, त्यामुळे घरचं काम अम्मीचं आणि माझं. या प्रकरणात अब्बा नाहीत. ते घरी असते तर हे घडलं नसतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते असते तरी मी हेच केलं असतं.

घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अम्मीचा अर्धा दिवस मराठी बायकांच्या हातात जायचा, आणि ती जुन्या चिंचवड गावातली, त्यामुळे रागावली की मराठीतच रागवायची. मला अजूनही कुणी "व्हय गं?" असं खालच्या आवाजात विचारलं की मी हातातलं काम खाली ठेवते. सकाळी सहाला तिची भाकरी थापल्याचा आवाज, मग लसणाची फोडणी, मसुरीचं कालवण, आणि ते झालं की त्याच गोडेतेलाची एक वाटी बांगड्यांच्या खोलीत जायची. मऊ हाताला नुसतं पाणी पुरायचं. जरा राठ असेल तर साबणाचा फेस. त्याहून राठ असेल तर तेल. आणि सगळ्यात हट्टी हाताला दुधाची पिशवी. धुऊन वाळवलेली रिकामी पिशवी हातावर चढवायची, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि पिशवीवरून बांगडी सरकवत न्यायची. पिशवी मग आतून ओढून काढायची. बघणाऱ्या बायका "अगं बाई!" म्हणायच्या. ही युक्ती मला बाराव्या वर्षी आली, आणि सतराव्या वर्षी मी अम्मीपेक्षा भरभर भरायला लागले. तिचा एकच नियम होता. हाड आडवं आलं की थांबायचं आणि वरचं माप घ्यायचं. "वरचं माप घेतलं म्हणून भरणारीचं नाक कापलं जात न्हाई," ती म्हणायची. मला मात्र वाटायचं, जातं. मी वरचं माप फार क्वचित घ्यायचे.

लोक विचारतील, हिला आत्मकथन लिहायचं वय झालं का? झालंय. मेंदी लावल्याशिवाय केस दाखवण्यासारखे राहिले नाहीत आणि पिंपळे गुरवला माझं नखं करायचं दुकान आहे, तिथे दिवसभर पोरींचे हात हातात घेऊन बसते. परवा माझी पुतणी आली. मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपवरून कसल्याशा कार्यक्रमाचं तिकीट घेतलं होतं, चित्र दाखवत होती. मी विचारलं, कुणाकडून घेतलंस? म्हणाली, "आहे एक भाऊ, खात्रीचा आहे." मी तिचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली. मग तिला एवढंच म्हटलं की खात्रीचा माणूस फाटकापर्यंत तुझ्यासोबत येतो का ते विचार. ती हसली. या वयात सगळ्यांना हसू येतं.

तर कल्पनाताई. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. अहमदपूरकडची, बावीस-तेवीस वर्षांची, चाकणला कंपनीत लाइनवर होती. गाडीच्या आत वायरींचा जो गुच्छ असतो तो बांधायचं काम. पहाटे साडेपाचला कंपनीची बस चौकात यायची, त्याआधी ती आमच्या दारावर टकटक करून अम्मीला "चालले बरं का" म्हणून जायची. तिचं काम तिने मला एकदा करून दाखवलं होतं. एका प्लॅस्टिकच्या टोपणात दुसरं टोपण अंगठ्याने दाबून बसवायचं, आणि बसलं की ते 'टक' वाजतं. "ह्यो टक ऐकू आला न्हाई तर गाडी रस्त्यात बंद पडती बघ," ती म्हणायची. "दिसाला किती टक म्हनशील? मोजलेच न्हाईत मी." कंपनीत बांगड्या घालायला बंदी होती. म्हणून ती फक्त सुट्टीच्या दिवशी भरायची, आणि तेही अम्मीच्याच हातून. अम्मी तिचा हात धरून बसायची तेव्हा कामापेक्षा जरा जास्तच वेळ धरायची. "हा हात बघ," मला सांगायची, "ह्याला म्हणतात हात. अडीचचा, रुंद, अंगठा तर पकडीसारखा. आनि तुझा बघ, नुसता लोण्याचा गोळा." कल्पनाताई हसायची आणि माझ्या गालाला हात लावायची. मला ते दोन्ही आवडायचं नाही. पोटच्या पोरीसमोर परक्या पोरीचं कौतुक करायचं, हे काय वागणं झालं? मी जळत होते. साधं, सरळ जळत होते, त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही.

तिचं सगळं त्या अंगठ्यावर अडलेलं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्या तुकडीतल्या काही बायकांना येत्या एक तारखेला कायम करणार होते. गावाकडे वडिलांनी एक बिजवर बघून ठेवला होता, ट्रॅक्टरवाला, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. दर रविवारी फोन यायचा. वडिलांनी तिला सांगितलेलं होतं, कायमचा कागद हातात आला तर राहा तिथंच, मी जबरदस्ती करणार नाही, पण नाही आला तर यंदाच्या लगीनसराईत तुला उजवून टाकणार. फोन ठेवून ती खाली यायची आणि अम्मीच्या शेजारी बसून भाजी निवडायची. "अम्मी, एवढा कागद येऊ द्या," म्हणायची, "मग तुमच्या हातानं हिरव्या बांगड्या भरते अन् नव्या खोलीत राहायला जाते. एकटी. दाराला माझं कुलूप." लग्नाच्या हिरव्या बांगड्या नव्हेत, हे ती मुद्दाम सांगायची.

तिला दुसरं एक वेड होतं, गाण्याचं. एका गायकाची गाणी ती कपडे धुताना म्हणायची. त्याचं नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. तो चाकण रस्त्याच्या बाजूच्या एका मैदानावर येणार असं कळलं. दोन दिवसांचा कार्यक्रम होता, पहिल्या दिवशी दुसरे कोणी, दुसऱ्या दिवशी हा. तिकिटं मोबाइलवर सुटली आणि कल्पनाताई शिफ्टमध्ये असतानाच संपली. ती खाली येऊन हिरमुसून बसली. "जाऊ दे, आपलं कुठं नशीब," म्हणाली. आणि मी, अम्मी मागच्या खोलीत गेल्याचं बघून, तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "ताई, माझ्या ओळखीचा एक आहे. खात्रीचा." तिच्या डोळ्यांत त्या दिवशी जे आलं ते मी आधी कधी अम्मीसाठीसुद्धा पाहिलं नव्हतं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

हा खात्रीचा माणूस म्हणजे विकी. स्टेशनजवळ मोबाइलची कव्हरं विकायचं त्याचं टपरीवजा दुकान होतं, आणि क्रिकेटचा सामना असो, नाटक असो, लावणीचा कार्यक्रम असो, संपलेली तिकिटं त्याच्याकडे असायची. कशी असायची हे कुणी विचारायचं नाही. या वेळी त्याची पंचाईत झाली होती. तिकीट म्हणजे कागद नव्हताच. फाटकाजवळ मनगटावर कापडी पट्टा बांधायचे, त्यात मशीनला कळणारं बारीक काहीतरी शिवलेलं. पट्ट्याला प्लॅस्टिकचा मणी होता, तो पुढे ओढला की पट्टा आवळायचा, मागे मात्र येत नसे. काढायचा तर कापायलाच लागणार, आणि कापला की मेला. दोन्ही दिवस तोच पट्टा. विकीच्या डोक्यात आलं की पहिला दिवस बघून ज्यांना दुसऱ्या दिवशी यायचं नाही त्यांचे पट्टे न कापता काढता आले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांना चढवता येतील. "काय मन्यारणी," तो मला म्हणाला, "बांगडी चढवतेस तशी उतरवता येती का?" मी त्याच्याच मनगटातलं कडं दुधाच्या पिशवीवरून सरकन काढून त्याच्या हातात दिलं. "आयला, भारीच की राव!" तो म्हणाला. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. घरी तर मी लोण्याचा गोळा होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मैदानाबाहेर एका वडापावच्या गाडीमागे स्टुलावर बसले. कार्यक्रम अर्ध्यात सोडून निघालेले लोक विकी पकडून आणायचा, मी हातावर पिशवी चढवायचे, पट्टा उतरवायचे, विकी त्यांना काय द्यायचं ते द्यायचा. हात बघता बघता माप मनात येत होतं. अडीच, अडीच, पावणेतीन, सव्वादोन. शेवटी एक पोरगा आला. बारीक, बायकी हाताचा, हिंजवडीतला असावा, सिगरेट ओढत होता, तिचा चटका लागून त्याच्या पट्ट्याला एक काळा ठिपका पडला होता. पट्टा उतरल्यावर तो हसायला लागला. "हा चालणार नाही हं," म्हणाला. "बाहेर पडताना मशीनला लावावा लागतो. गर्दी होती म्हणून मी पत्र्याच्या फटीतून निघालो. मशीनला वाटतंय मी अजून आतच आहे. उद्या लाल दिवा लागणार." असं म्हणून तो गेला. मी विकीला सांगितलं. विकी म्हणाला, "गप बस. कुणाला तरी खपवू. लागला तर लागला हिरवा, नाहीतर त्याचं नशीब. तिथं कोण आपल्याला शोधत येतंय?" मी तो पट्टा वेगळा ठेवला. काळ्या ठिपक्याचा, सव्वादोनचा. हे मी विसरले असते तर बरं झालं असतं, पण मापं मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विकीच्या दुकानामागे रांग लागली. मी तेल, साबण आणि तीन पिशव्या घेऊन बसले आणि एकेक पट्टा चढवत गेले. चारच्या सुमाराला दोन पट्टे उरले. एक अडीचचा, चांगला. एक काळ्या ठिपक्याचा. कल्पनाताई पहिली शिफ्ट करून थेट तिथेच येणार होती. तिचे पैसे विकीला पोचलेले होते, तिचा पट्टा ठरलेला होता. दुसरा पट्टा विकीने मला कामाबद्दल देऊ केला. "तू चढवणार, तूच ठरव कुठला कुणाला," म्हणाला आणि पुढे गेला. आता बघा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. अडीचचा हात तिचा, अडीचचा पट्टा चांगला. सव्वादोनचा हात माझा, सव्वादोनचा पट्टा मेलेला. आंधळ्याने जरी मापाप्रमाणे वाटले असते तरी ती आत गेली असती आणि मी बाहेर राहिले असते. मी अडीचचा उचलला, माझ्या हातात सरकवला आणि मणी ओढला. तो कर्रकर्र करत माझ्या मनगटापर्यंत आवळत आला. आता तो माझ्याशिवाय कुणाला होणार नव्हता. कल्पनाताई यायला अजून दहा मिनिटं होती. घाबरून केलं, घाईत केलं, असं मला म्हणता येत नाही.

ती आली ती कंपनीच्या निळ्या शर्टावर. पिशवीत कुडता होता, तो तिने दुकानाच्या आडोशाला अंगावर चढवला, केसांना पाणी लावलं. "बघ, बरी दिसायली का?" म्हणाली आणि समोरच्या डब्यावर बसून उजवा हात पुढे केला. मी म्हटलं, डावा दे. "डाव्याला कंपनीत दोरी लागून सोललंय गं, उजव्यालाच बांध." मी तेल लावलं, पिशवी चढवली, अंगठा दुमडला. पट्टा बोटांच्या मुळापर्यंत आला आणि अडला. अडणारच होता. काचेची बांगडी असती तर एव्हाना तडकली असती आणि सगळ्यांची सुटका झाली असती, पण कापड तडकत नाही. "जरा लहान हाय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "सगळे असेच असतात." हाड आडवं आलेलं मला बोटांना लागत होतं. मी गुडघा डब्याला टेकवला, तिचं मनगट धरलं आणि अंगठ्याच्या मुळावर तळवा ठेवून सगळा जोर लावला. आत काहीतरी कट्कन वाजलं. तिचं तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम आला. ती ओरडली नाही. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, "बसला का?"

मी म्हटलं, "बसला."

मैदानावर आम्ही सहा आसनी रिक्षाने गेलो. ती उजवा हात छातीशी धरून बसली होती आणि सारखी बोलत होती, पहिलं गाणं कुठलं म्हणेल, दुसरं कुठलं. फाटकावर मी पुढे झाले. मशीनला हात लावला, हिरवा दिवा लागला, आत गेले. मागे वळून पाहिलं तर लाल दिवा. तिने हात पुसून पुन्हा लावला. पुन्हा लाल. गार्डने मनगट धरून पट्टा ओढून बघितला आणि ती तेव्हा ओरडली. "ब्लॅकचा माल!" गार्ड तिच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड बघत मोठ्याने म्हणाला. "चला, बाजूला व्हा. कंपनीत काम करता ना? लाज नाही वाटत?" रांगेतली पोरं हसली. एकाने मोबाइल वर धरला. दुसऱ्या गार्डने पकड आणून पट्टा कट् करून कापला आणि खाली टाकला. मी पत्र्याच्या या बाजूला उभी होते. मला बाहेर जाता आलं असतं. ती टाचा उंचावून मला शोधत होती, आणि मी दिसल्यावर तिने डावा हात हलवला. "तू जा! तू ऐक! मी हाय हितंच!"

मी गेले. संपूर्ण कार्यक्रम ऐकला. चांगला झाला, हेही लिहून ठेवते, आणि तिच्या आवडीच्या गाण्याला मी इतरांसारखेच हात वर केले. बाहेर आले तेव्हा ती वडापावच्या गाडीजवळ फुटपाथवर बसलेली होती. मी एकटी घरी कशी जाणार, म्हणून थांबली होती. "बाहेरून पन येत होतं की ऐकू," म्हणाली. "समदं ऐकलं मी." तिचा अंगठा तोवर वांग्याएवढा सुजला होता.

अम्मीला तिने सांगितलं, गर्दीत पडले, कुणाचा तरी पाय पडला हातावर. माझं नाव घेतलं नाही. मी विकीकडे बसते हे अम्मीला कळलं तर ती माझी कातडी सोलेल, एवढं तिला माहीत होतं, म्हणून. अम्मीने आंबेहळद उगाळून लेप गरम केला आणि तिचा हात मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी तिची बोटं आली आणि थांबली. तिने तिथेच पुन्हा एकदा चाचपलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "गर्दीत व्हय?" एवढंच म्हणाली आणि लेप लावायला लागली. मी उठून भाकऱ्या करायला गेले.

एक तारखेला आठ दिवस होते. कंपनीच्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, नोंद झाली की कायमच्या यादीतून नाव जाणार. म्हणून ती रोज पहाटे खाली यायची, मी तिचा अंगठा पट्टीने आवळून बांधायचे, वरून ती हातमोजा घालायची आणि बस पकडायची. मीच बांधायचे. तिला ते माझ्याकडूनच हवं असायचं, कारण माझा हात हलका आहे असं तिचं म्हणणं होतं. संध्याकाळी ती आल्यावर पट्टी सोडताना दात ओठात रुतवायची. "टक वाजवायला लागतंय ना गं," सांगायची, "अंगठ्यानं न्हाई जमायलं तर तळव्यानं दाबते. कधी वाजतंय, कधी न्हाई." त्या दिवसांत मी तिला रोज काहीतरी चांगलंचुंगलं खायला द्यायचे आणि रोज वाटायचं की आज सांगावं. सांगून काय होणार, असंही रोज वाटायचं. सहाव्या दिवशी तिने बसवलेली टोपणं तपासणीत परत आली, पुरती न बसलेली. साहेबाने हातमोजा काढायला लावला. दुपारच्या जेवणाआधीच तिला घरी पाठवलं. ठेकेदार म्हणाला, गावी जाऊन आराम करा, बरं वाटलं की बोलावतो. हे बोलावणं कुणालाच कधी येत नाही. ती घरी आली, हातपाय धुतले आणि वडिलांना फोन लावला. "व्हय बापू," एवढंच आम्हाला खाली ऐकू आलं. "व्हय. येते."

पुढचं सांगून टाकते. त्या उन्हाळ्यात तिचं त्या ट्रॅक्टरवाल्याशी लग्न झालं. पत्रिका आली होती, अम्मीने एसटीच्या ड्रायव्हरबरोबर चार डझन बांगड्या पाठवल्या. अंगठा शेवटपर्यंत पुरता वाकला नाही, असं नंतर कुणीतरी सांगितलं. मला तिचा नंबर कुठूनही मिळवता आला असता.

पण ती जायची होती त्या सकाळचं सांगायचं राहिलं. तिची ट्रंक जिन्यात आणून ठेवली होती, ती वर केर काढत होती. अम्मीने मला मागच्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं. "त्या अंगठ्यावर तुझा हात हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी तुला भरायला शिकवलं, मला वळखू येनार न्हाई व्हय? बोल." मी बोलले. विकी, पट्टे, पिशवी, सगळं. ती ऐकत होती. "लहान हाय हे म्हाईत व्हतं?" मी मान हलवली. "आनि तो चालनार न्हाई, हे?" मला वाटलं इथे खोटं बोलावं, पण तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि हात हातात असले की अम्मीला सगळं कळायचं. मी पुन्हा मान हलवली. मला वाटलं ती मारेल. तिने माझे हात खाली सोडले आणि पदराला पुसले, तिचे स्वतःचे. "तिला सोडायला जा," म्हणाली. "गाडी लागायच्या आत सांग तिला. तिच्या जलमाचं वाटोळं कुनी केलं ते तिला कळाया पायजे. तिनं थोबाड फोडलं तर फोडून घे. सांगितल्याबिगर ह्या घरात पाय ठेवू नको."

वल्लभनगरच्या स्टँडवर आम्ही तासभर बसलो. ट्रंक मी उचलली होती, तिची पिशवीही माझ्याच मांडीवर होती. तिने शेंगदाण्याची पुडी घेतली आणि डाव्या हाताने माझ्या तळव्यावर अर्धे ओतले. मी तीन वेळा "ताई" म्हटलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे वळली. "नसीम, एक विचारू का?" म्हणाली. "राग मानू नको. तो पट्टा चालत न्हाई, हे तुला म्हाईत होतं का गं?"

स्टँडवर लाउडस्पीकर चालू होता, फलाटावर माणसं धावत होती. तिने प्रश्न स्वतःहून समोर आणून ठेवला होता, मला नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही गं ताई," मी म्हटलं. "मला कसं माहीत असणार?"

तिने मोठा श्वास सोडला. "तेच म्हनलं. मन उगाच कायबी खायलं होतं बघ. त्या विकीनं फसवलं आपल्या दोघींना." मग गाडी लागली. तिने मला जवळ घेतलं, अम्मीला जप म्हणाली, आणि खिडकीतून डावा हात हलवत गेली.

मी चालत घरी आले. अम्मी उंबऱ्यातच बसली होती, दांड्यांवर कापड टाकून दुकान बंद केलेलं होतं. "सांगितलंस?" तिने विचारलं.

"हो."

"समदं?"

"सगळं."

"मग? काय म्हनाली?"

मी तिच्याकडे बघून म्हटलं, "माफ केलं म्हणाली."

अम्मी तोंडाला पदर लावून रडायला लागली. "लै मोठ्या मनाची पोर," म्हणाली, "लै मोठ्या मनाची." पुढे जन्मभर ती हे येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत राहिली. मग तिने डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन माझं ताट वाढलं. मसुरीचं कालवण होतं. मला सकाळपासून भूक लागली होती, मी दोनदा भात मागून घेतला.